ढिल्या कडीची दवंडी

सुरक्षा समितीचं नाव माझ्यापुढं काढू नका. आमचा तांब्याचा बंब त्या समितीनंच घालवला.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावरची दिवाळी. सोलापुरात चोऱ्यांची ओरड सुरू झाली, तशी आमच्या पेठेनं समिती काढली आणि कापडवाले बसप्पाअण्णा अध्यक्ष झाले. दिवाळीत गावाला जाणाऱ्यांनी त्यांच्याकडं नाव द्यायचं. आम्ही माझ्या सासुरवाडीला, दुधनीला निघालो होतो. बायकोनं अण्णांना हळूच सांगितलं, "मागच्या दाराची कडी लई ढिली हाय. तेवढं बघा."

"तुमी बिनघोर जावा की!"

स्टँडच्या वाटेवर समोरून टांगा आला. वर भोंगा, आत अण्णा. अण्णांचं भोंग्यावरचं मराठी एकदम शुद्ध. "बंधुभगिनींनो! मारुतीच्या देवळामागचे हिरेमठांचे घर भाऊबीजेपर्यंत बंद आहे. मागच्या दाराची कडी ढिली आहे. तरी सर्वांनी तिकडे विशेष लक्ष ठेवावे!"

बायकोनं कपाळाला हात लावला. मी हाका मारल्या, पण भोंग्यापुढं माझं कोण ऐकतंय?

भाऊबीज करून परत आलो, तर पुढचं कुलूप जसंच्या तसं आणि मागचं दार सताड उघडं. बंब गेला, पितळेची सगळी भांडी गेली.

अण्णा धावत आले आणि उलट पेठेवरच चिडले. "चार दिवस घसा फोडून सांगितलं, लक्ष ठेवा, लक्ष ठेवा! एकानं तरी ठेवलं का?"

मी म्हटलं, "ठेवलं की अण्णा. एकानं ठेवलं."