उजवा लिव्हर, डावा लिव्हर

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरबाई. व्यासपीठावर विराजमान झालेले पाहुणे. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ते सत्कारमूर्ती, म्हणजे आपले कप्तान. त्यांच्या शेजारी बसून मघापासून त्यांना ‘नीट बसा’ म्हणून खुणावणाऱ्या त्यांच्या पत्नी, आमच्या काकू. आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले माझे सहकारी, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

माझ्या आधीचे वक्ते कप्तानांच्या शिस्तीवर बोलले, वक्तशीरपणावर बोलले. मलाही तसं काहीतरी ठरवून बोलायचं होतं. पण कप्तानांचा विषय निघाला की माझ्या डोक्यात एक जुना गुंता आहे, तो आधी वर येतो. निरोपाच्या भाषणात माणसाने आभार मानायचे असतात, हे मला कळतं. पण ज्या गोष्टीबद्दल आभार मानायचे, ती त्यांनी आपल्यासाठी केली होती की नव्हती हेच ठाऊक नसेल, तर काय करावं?

पाहुण्यांसाठी थोडं मागे जाऊन सांगते. शहरातल्या लहान दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करायचे आणि गार पेटीतून इथे आणून द्यायचे, हे आमचं काम. त्यासाठी मोटारसायकल एक आणि चालवणारे दोघं. सकाळची फेरी कप्तानांची, दुपारची माझी. म्हणून तर इथे मला सगळे ‘दुपार’ म्हणतात. परवा काकूंनी घरच्या लग्नाची पत्रिका पाठवली, तीही ‘सौ. दुपार’ अशीच! असो.

गाडी तशी कप्तानांच्या मापाची. ते केवढे उंच आहेत ते तुम्ही बघताच आहात. आणि माझा हात हा असा. मूठ हँडलवर ठेवून ब्रेकच्या लिव्हरकडे बोटं लांबवली की फक्त टोकं पोहोचायची. क्लचचंही तेच. लिव्हर ओढायचा म्हणजे आधी मूठ पुढे सरकवायची, मग ओढायचं, मग मूठ परत मागे. गर्दीत हे दर सिग्नलला. संध्याकाळी अंगठ्याचं मूळ असं ठणकायचं की घरी कपाचा कान धरवायचा नाही. आई म्हणायची, “अगं, सांग की कुणाला तरी.” सांगू कुणाला? मी लागले तेव्हाच इथे कुजबुज होती की हे काम हिला झेपायचं नाही. आता हात दुखतो म्हणून सांगायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण!

एकदा बालरुग्णांच्या दवाखान्याकडून उतारावर येत होते. समोर अचानक भाजीची हातगाडी आडवी आली. बोटं ब्रेकवर पोहोचली, पण जोर लागेना. गाडी थांबली ती हातगाडीच्या चाकाला लागूनच. भाजीवाली माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. ती म्हणाली, “बाई, बसा जरा.” मी बसले नाही. पेटीतले नमुने शाबूत होते, तेवढं बघितलं आणि निघाले. हे मी इथे एका माणसाशिवाय आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. डॉक्टरबाई, तुम्ही आत्ता ऐकताय.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी गाडीवर बसले आणि गोंधळले. ब्रेकचा लिव्हर जवळ आला होता! बोटं न ताणता पहिल्या पेरापर्यंत त्याच्यावर बसत होती. मला आधी वाटलं, काहीतरी मोडलंय. कप्तान हेल्मेट काढत उभे होते, त्यांना म्हटलं, “कप्तान, गाडीला काहीतरी झालंय.”

“काय झालंय?”

“ब्रेक जवळ आलाय.”

“मग लांब हवाय का तुला?”

“नाही, नाही!”

“मग झालंय काय?”

त्यांनी लिव्हरच्या मुळाशी असलेला बारीकसा स्क्रू दाखवला. तो फिरवला की लिव्हर मुठीच्या जवळ किंवा लांब जातो. “पण जवळ आणला म्हणून झालं नाही,” ते म्हणाले, “दाबून बघायचं. मुठीला टेकायच्या आधी गाडी थांबली पाहिजे.” गाडी जरा पुढे नेऊन मी दाबून पाहिलं. गाडी जागच्या जागी थांबली. मला इतका आनंद झाला की मी तिथेच, फाटकात, लोक येत-जात असताना त्यांचे आभार मानले. म्हटलं, “माझ्या हाताकडे आजवर कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.” कप्तानांनी हेल्मेटचा पट्टा उगाच लावला, काढला, आणि ते आत गेले. मला वाटलं, केवढा हा संकोची माणूस!

दोन-तीन दिवसांत क्लचचा लिव्हरही जवळ आला. शिवाय दोन्ही लिव्हर थोडे खाली वळवलेले होते, म्हणजे कोपर, मनगट आणि बोटं एका रेषेत येत होती. माझं ठणकणं हळूहळू थांबलं. मी घरी आईला सांगितलं, डबा खाताना सगळ्यांना सांगितलं, ज्याला त्याला सांगितलं. कप्तान समोर असले की उठून निघून जायचे. का जातात, मला कळेना.

मग एके दिवशी काकू इथे आल्या. कप्तान घरी चष्मा विसरले होते. काकू, सांगू ना? सांगते. मी त्यांच्याकडेही कप्तानांचं कौतुक सुरू केलं. काकू ऐकत होत्या, आणि मध्येच म्हणाल्या, “अगं, त्यांच्या उजव्या हाताला मुंग्या येतात. सदऱ्याची बटणं मी लावून देते. बोटं ताणली जात नाहीत, म्हणून तो ब्रेक जवळ घेतलाय त्यांनी.”

मला काय वाटलं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. राग आला का? आला. पण कशाचा? त्यांनी माझं काही वाईट केलं नव्हतं. उलट माझा हात बरा झाला होता! लाज वाटली, कारण मी गावभर डांगोरा पिटला होता. आणि या सगळ्याच्या खाली भीती. ज्या माणसाला सदऱ्याचं बटण लावता येत नाही, तो सकाळच्या गर्दीत ब्रेक कसा दाबतो?

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर आले आणि फाटकाशी उभी राहिले. कप्तान फेरीवरून परत आले. उजव्या हाताची बोटं लिव्हरवर नुसती ठेवलेली होती. गाडी त्यांनी पायाच्या ब्रेकवर आणली, ती घसरत आली आणि पुढचं चाक पायरीवर आपटून थांबली. पहारेकरी हसला. त्याला वाटलं, कप्तान गंमत करतात. मी हसले नाही, हे कप्तानांनी पाहिलं.

“कळलं तुला?”

“हो.”

“मग सांगणार का आत?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांची गाडी गेली असती, आणि सांगितलं नसतं तर कदाचित तेच गेले असते. “तुम्ही डॉक्टरकडे का नाही जात?”

“इतके डॉक्टर आहेत गं भोवती,” ते म्हणाले, “त्यातल्या कुणाला सांगायचं, तेच ठरत नाही.”

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी म्हटलं, “मी एक उतारावरची गोष्ट सांगते.” आणि हातगाडीची ती गोष्ट त्यांना सांगितली. ऐकणारे ते पहिले. त्यांनी सगळी ऐकली, गाडीची किल्ली खिशातून काढली, माझ्या हातात दिली, आणि सरळ डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. मनगटात नस दबली होती, लहानशी शस्त्रक्रिया झाली, हात सुधारला. पण गाडी त्यांनी पुन्हा मागितली नाही. नमुन्यांच्या टेबलावर बसले, ते आजपर्यंत. दोन्ही फेऱ्या माझ्याकडे आल्या. आणि माझा गुंता मात्र तसाच राहिला. लिव्हर त्यांनी स्वतःसाठी जवळ घेतला होता, हे काकूंकडून कळलं. मग माझ्या आभारांचं काय? ते चुकीच्या पत्त्यावर गेले का? इतकी वर्षं विचारायचा धीर झाला नाही. आज विचारते. कप्तान, चारचौघांत विचारते, रागावू नका. ते माझ्यासाठी होतं की नव्हतं?

... काय म्हणालात? जरा त्यांच्याकडे माईक न्या कुणीतरी. नको म्हणतायत. बरं, मीच सांगते, ते म्हणतायत... “ब्रेक माझ्यासाठीच होता. तू आभार मानलेस, आणि मला तोंड उघडता येईना.”

म्हणजे माझ्यासाठी नव्हतंच.

... अं? आणखी काहीतरी म्हणतायत. “क्लच कुठल्या हाताने दाबतात?”

डाव्या.

“डाव्या हाताला मला काही झालं नव्हतं.”

...

माफ करा. एक मिनिट.

मी बरंच काही बोलणार होते, पण आता ते आठवत नाही. कप्तान, डाव्या लिव्हरबद्दल मी तुमची आभारी आहे. उजव्याबद्दल आहे की नाही, ते अजून ठरत नाही, ठरलं की घरी येऊन सांगेन. काकू, चहा ठेवा.

अध्यक्षबाईंनी बोलायची संधी दिली, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल ऋणी आहे. जिथे वाहवत गेले, जे सांगायला नको होतं ते सांगून गेले, ते सगळं पदरात घ्यावं, आणि मला आता खाली जाऊन बसू द्यावं. नमस्कार.