भिजत घातलेल्या मनुका

आता तुमी हसाल, पन तेव्हा माझी मान खाली गेली होती. आमच्या करंजाड्याच्या बिल्डिंगमधल्या ग्रेसीने नाताळच्या केकची बरणी माझ्याकडे ठेवली. म्हणाली, "मावशी, मनुका भिजत घातल्यात. माझ्या घरात पोरं त्या टिकू देत नाहीत."

आमच्याकडे काय भीती! पोरं नाहीत, आणि घरधनी पक्के माळकरी.

नाताळाच्या तोंडावर ग्रेसीने बरणी उघडली आणि ओरडलीच, "मावशी, यातली रम कुठे गेली? आता केक कसा करू?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी गळ्यातली माळ हातात धरली.

"शप्पत सांगतो पोरी, एक मनुका खाल्ली नाय. दात कुठं हायत मला? सकाळी उठून दोन घोट पानी प्यायचो तेवढंच. पोटाला लय चांगलं!"