लग्नाची बायको

आईच्या घराचे कागद मांडीवर घेऊन ती वकिलांच्या बाहेरच्या खोलीत बसली होती. आईला जाऊन महिनाही झाला नव्हता. तेवढ्यात आतून दोन बायका आल्या आणि समोरच्या बाकावर टेकल्या. धाकटी थोरलीकडे वळली.

“ऐकलंत ना, ताई? तुमचा घटस्फोट झालेला नसताना त्यांनी माझ्याशी केलेलं लग्न, लग्नच नाही म्हणे.”

“ऐकलं. बहिरी नाही मी.”

“अठरा वर्षं संसार केला हो मी त्यांच्याशी.”

“आणि मी चार महिने. तरी लग्नाची बायको मीच. कायद्याची कमाल आहे, बाई!”

“गॅरेज तुमचं, घर तुमचं. मला काही नको. पण त्यांची विधवासुद्धा म्हणवून घ्यायचं नाही का मी?”

“घे की म्हणवून. कुणी आडवं आलं तर माझ्याकडे पाठव.”

थोरली जराशी जवळ सरकली.

“जेवताना बोलायचा का गं तो? माझ्यासमोर मान खाली घालून जेवायचा. मला वाटायचं, मुलखाचा घुमा आहे.”

“छे! ताटातलं गार व्हायचं, पण गप्पा संपायच्या नाहीत. गिऱ्हाइकांच्या नकला तर अश्शा करायचे!”

“करून दाखव की एखादी.”

“‘अहो मिस्त्री, ब्रेक लागतो, पण गाडी थांबत नाही!’”

दोघी तोंडावर पदर धरून हसल्या. आईच्या घराचे कागद घेऊन बसलेल्या तिचं नाव आतून पुकारलं गेलं. ती उठली नाही.

“आता त्याचा आवाज काढ,” थोरली म्हणाली. “नुसतं ‘जेवायला वाढ’ म्हणालीस, तरी चालेल.”