मी फक्त हात मागितला होता

...आणि वर मलाच विचारतात, किल्ली आत कशाला ठेवली? म्हणजे चोरी त्याने करायची आणि उलटतपासणी माझी. चौकीत तो कोवळा हवालदार, गालात अजून शेंगदाणे, मला म्हणतो, "काका, इंजिन चालू, दार उघडं, किल्ली आत. चोराला आणखी काय द्यायचं राहिलं होतं, चहा?" मी कमी बोलणारा माणूस आहे. पण तुम्हाला सांगतो, मी माफ करणारा माणूस नाही.

मी ल्याओ शुइ-मू. कौहूच्या किनाऱ्यापासून पेइगांगपर्यंत कुठल्याही गावात विचारा, खिडक्यांच्या जाळ्या कोण बदलून देतो. शाळा मला झेपली नाही, पण मी ठोकलेल्या जाळीतून डास जात नाही, डासाचा आवाजसुद्धा जात नाही. आणि हे सगळं काम कशावर? त्या निळ्या टेम्पोवर. मागे जाळीचे गुंडाळे, चौकटी, काचा, आणि टपावर भोंगा. भोंग्यातला आवाज माझ्या बायकोचा, आ-ल्वानचा. "जाळ्या बदला... खिडकीच्या जाळ्या, दाराच्या जाळ्या... काच फुटली असेल तर काच..." लग्न झाल्या झाल्या कॅसेटवर भरून घेतलेला. काय गोड होता तेव्हा. आता तोच आवाज मी रोज घरात ऐकतो, फक्त मजकूर बदललाय.

तर त्या साली आमच्या गल्लीत टेम्पो चोरीला जायला लागले. एक गेला, दुसरा गेला, लोक घाबरले. शेजारचा आ-खुन रोज कामावरून आला की स्टिअरिंगच काढून घरात न्यायचा आणि मांडीवर घेऊन जेवायला बसायचा. मी म्हटलं, असली नाटकं आपल्याला जमायची नाहीत, आपण पक्कं काम करणारी माणसं. मी स्टिअरिंगला लोखंडी दांडा लावला. चाकाला साखळी. सीटखाली चोरखटका, तो दाबल्याशिवाय इंजिनात तेलच जात नाही. आरशाला आमच्या देवाच्या, राजेसाहेबांच्या देवळातला ताईत. आणि टेम्पोखाली हंसीण बांधली. हसू नका, हंसीण कुत्र्यापेक्षा वाईट. कुत्रं एकदा चावतं आणि सोडतं, ही धरते आणि पिरगाळते.

आता झालं काय, चोराला टेम्पो मिळेना हे खरं, पण मलाही मिळेना. सकाळी कामाला निघायचं तर आधी हंसिणीला पाव दाखवायचा, ती पाव खाईपर्यंत साखळी सोडायची, पाव संपला की ती माझी पोटरी धरणार, मग लंगडत आत शिरून दांडा काढायचा, मग या वयात पालथं पडून सीटखाली तो खटका चाचपायचा... इतकं करून बाहेर पडावं तर गिऱ्हाईक म्हणतं, काका, सकाळी येणार होतात ना?

त्या दिवशी दुपार कलली होती. हे सगळं सव्यापसव्य आटोपलं, इंजिन सुरू झालं, एक पाय आत टाकला, आणि घंटागाडीचं गाणं ऐकू आलं. आमच्याकडे कचरा रस्त्यावर ठेवता येत नाही, गाडी गात गात येते आणि आपल्या हाताने आत टाकावा लागतो, चुकली की माशांचं ते सगळं पाणी, कालवांच्या शिंपल्या, घरातच. आ-ल्वान दारातून ओरडली, "माकडा, पिशव्या!" लाडात ती मला म्हातारं माकड म्हणते. नुसतं माकड म्हणजे काम आहे. तिने पिशव्या हातात कोंबल्या, मी धावलो. आता मला सांगा, अख्खी गल्ली पिशव्या घेऊन धावतेय, मी काय आधी इंजिन बंद करून, दांडा लावून, साखळी घालून, हंसीण बांधून मग धावू? घंटागाडी थांबते का? ती कुणासाठी थांबते?

पिशव्या टाकल्या. वळलो. टेम्पो नाही. जागेवर हंसीण उभी, तोंडात पाव. तो हरामखोर पाव घेऊन आला होता!

तुम्हाला सांगतो, टेम्पो गेल्याचं दुःख मला नंतर झालं. आधी तो पाव लागला. म्हणजे हा माणूस किती दिवस सकाळी मला बघत होता. मी जमिनीवर पालथा पडलेला असताना हा कुठल्यातरी कोपऱ्यातून बघून शिकत होता. चौकीतून बाहेर पडलो तेव्हाच ठरवलं, पोलीस काय करायचं ते करोत. मी माफ करणारा माणूस नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजेसाहेबांच्या देवळात गेलो. आमच्या किनाऱ्यावर न्याय करतात ते राजेसाहेब, काळा चेहरा, डोळे असे की आपण काही केलेलं नसलं तरी आठवू लागतो. आ-ल्वान मागून आलीच. आणि देवळाचा रखवालदार, खे म्हातारा, जो गेली कित्येक वर्षं देवाच्या आणि आमच्या मधे बसून दोघांनाही सल्ले देतो, तो उदबत्त्यांच्या राखेतून मान वर काढून म्हणाला, "गाऱ्हाणं नीट घाल. नाव सांग, घर सांग, काय पाहिजे ते सरळ सांग. आणि एका कौलात एकच गोष्ट. दोन घुसवल्यास तर राजेसाहेब हसतात."

कौल म्हणजे चंद्रकोरीसारख्या लाकडाच्या दोन कोरी, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर. टाकायच्या. एक सपाट एक फुगीर पडली तर देव हो म्हणाला. दोन्ही पालथ्या, तर नाही. दोन्ही सपाट बाजू वर करून डुलायला लागल्या की समजायचं, देव हसतोय. मोठं मागणं असेल तर लागोपाठ तीनदा हो यावं लागतं.

आ-ल्वान कानाशी म्हणाली, "टेम्पो परत माग." खे म्हातारा म्हणाला, "टेम्पोच माग, शहाणा असशील तर." मी गुडघे टेकले, नाव सांगितलं, घर सांगितलं, आणि म्हटलं, "राजेसाहेब, माझा टेम्पो ज्या हाताने नेला तो हात मोडा. मोडलात तर देवळापुढे बाहुल्यांचा खेळ लावीन."

आ-ल्वान म्हणाली, "हाताचं काय करणार आहेस? जाळ्या लावायच्यात का त्याला?" मी म्हटलं, टेम्पो लोखंड आहे, लोखंड मिळतं. तो मला बघून हसला असेल त्याचं काय? मी कोरी टाकल्या. हो. टाकल्या. हो. तिसऱ्यांदा टाकल्या, एक भिंतीला आपटून फिरली, फिरली, आणि बसली... हो. खे म्हातारा तोंडातली सुपारी थुंकून म्हणाला, "एवढ्या पटकन तर राजेसाहेब पोरांच्या परीक्षेलासुद्धा हो म्हणत नाहीत. काहीतरी गडबड आहे." हेवा. दुसरं काही नाही.

आता दुसरी गोष्ट ऐका. त्या टेम्पोला एक खोड आहे. भोंग्याचं बटण झिजलंय. इंजिन चांगलं तापलं की भोंगा आपोआप सुरू होतो आणि मग इंजिन बंद केलंत तरी थांबत नाही, त्याची बॅटरी वेगळी आहे. सीट उचलून एक लाल तार ओढावी लागते. बटण फिरवून काही होत नाही. म्हणजे होतं, आवाज वाढतो. हे मला माहीत, आ-ल्वानला माहीत, बस.

त्याच्या पुढल्या दिवशी आम्ही रताळं घातलेली पेज घेऊन बसलो होतो आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. उचलला, तर पलीकडून माझीच बायको. "जाळ्या बदला... खिडकीच्या जाळ्या..." आणि तिच्या आवाजाच्या खालून एक बारीक पोरगा.

"काका, तुम्ही... हा नंबर काचेवर लिहिलेला होता."

आमच्याकडे गाडी कुठे आडवी लावली तर लोकांनी बोलवावं म्हणून नंबर काचेमागे ठेवायची पद्धत. चांगली पद्धत आहे. उपयोग झाला.

मी म्हटलं, "माझ्याच टेम्पोतून बोलतोयस."

"तुम्हाला कसं कळलं?"

"बायकोचा आवाज येतोय."

मग तो रडकुंडीला येऊन सांगायला लागला. म्हणे टेम्पो कुठल्याशा गोदामात लपवून ठेवला होता, आज दूर न्यायला बाहेर काढला, आणि वाटेत भर बाजारात हा भोंगा आपणहून सुरू झाला, बंदच होईना. आणि बायका बाहेर आल्या. का येणार नाहीत? डासांचे दिवस, माझा फेरा चुकलेला. म्हणे पुढे बायका, मागे बायका, सगळ्यांच्या हातात फाटक्या जाळ्यांच्या चौकटी, एकीने तर खिडकीतून आत सारून त्याच्या मांडीवर ठेवली आणि विचारलं, ल्याओ काकांचा पुतण्या का रे तू, तोंडावळा तसाच आहे. तोंडावळा! मग कशीबशी गर्दीतून गाडी काढली, आता तळ्यांच्या बांधावरून चाललोय, तर स्कूटरवर बसून बायका मागे लागल्यात.

मग तो म्हणाला, "काका, शपथ घेतो. टेम्पो पुलाजवळ ठेवतो, किल्ली चाकावर ठेवतो, ओरखडा नाही. फक्त हे बंद कसं करायचं तेवढं सांगा."

आ-ल्वान माझ्या गालाला कान लावून ऐकत होती. हाताने सीट उचलल्याची खूण केली, तार ओढल्याची खूण केली. मग पेजेची वाटी बाजूला सारून माझ्या पूर्ण नावाने म्हणाली, "शुइ-मू. तार सांग त्याला."

तुम्हीच सांगा. टेम्पो परत मिळत होता, ओरखडा नाही. शहाण्या माणसाने काय केलं असतं? पण मला तो पाव दिसायला लागला. हंसिणीच्या तोंडात.

मी विचारलं, "तुझा हात कसा आहे?"

"हात? बरा आहे की काका. का?"

"मग बटण उजवीकडे फिरव. शेवटपर्यंत."

त्याने फिरवलं. आज्ञाधारक पोरगा. मी फोन कानापासून लांब धरला तरी आमच्या स्वयंपाकघरात दोन आ-ल्वान ओरडत होत्या, एक जाळ्या बदला म्हणत होती आणि दुसरी काय म्हणत होती ते मी इथे सांगत नाही. मग काहीतरी करकरलं. मग पाणी. आणि पाण्यात गेल्यावरसुद्धा तो भोंगा थोडा वेळ बोलत होता... काच फुटली असेल तर काच... मग बुडबुडे.

आम्ही पोचलो तेव्हा टेम्पो शिंपल्या पाळायच्या तळ्यात नाकापर्यंत. खारं पाणी. इंजिन, तारा, जाळीचे गुंडाळे, सगळं संपलं. तळ्याचा मालक माझ्यावर ओरडत होता, चोरावर नाही. चोर बांधावर बसला होता, चिखलाने माखलेला, आणि त्याला बाहेर ओढणाऱ्या बायका त्याला आल्याचं गरम पाणी पाजत होत्या. नाव त्याचं त्साय यू-झे. हवालदार माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, तुमचं समाधान होणारी एक बातमी आहे. उजवा हात. मनगटापाशी मोडलाय."

आ-ल्वान चालत घरी येईपर्यंत बोलली नाही. ते जास्त वाईट असतं.

घरून मी तडक देवळात. राजेसाहेब, म्हटलं, हात मोडलात हे बरोबर, पण तो माझ्याच टेम्पोत बसलेला असताना मोडायची काय गरज होती? घरी मोडता आला असता. जिन्यावरून पडता आला असता. हा सौदा पुरा झाला असं धरायचं का? कोरी टाकल्या. दोन्ही सपाट वर, डुलतायत. परत टाकल्या. डुलतायत. म्हटलं, बरं, निदान खेळ लावायची अट सोडा. खे म्हाताऱ्याने टाकायला देण्याआधीच कोरी उचलून घेतल्या. म्हणाला, "बस कर. हसून हसून त्यांना त्रास होईल. हात मागितलास, हात मिळाला. खेळ लाव."

लावला. नवस म्हणजे नवस. बाहुल्यांची मंडळी आली, आणि कशातून येतात ते माहीत आहे ना? निळ्या टेम्पोतून. तसाच. मागचा भाग उघडला की रंगमंच. जनरेटरसाठी इंजिन चालू ठेवलं आणि बाहुलीवाला बाहुल्या हाताखालच्या पोराकडे देऊन पडद्यामागे भात खायला गेला. दुपारचं ऊन, असल्या खेळाला माणसं येत नाहीत, तो देवासाठी असतो. समोर प्लास्टिकची स्टुलं, एकावर मी. तेवढ्यात खे म्हातारा कुणालातरी खांद्याला धरून घेऊन आला आणि माझ्या शेजारी बसवला. त्साय यू-झे. जामिनावर. आईने पाठवलं होतं, राजेसाहेबांची माफी माग म्हणून. हात गळ्यात बांधलेला. खे म्हातारा म्हणाला, "ज्याच्या हाताचा खेळ आहे तो पुढे बसणार."

मी त्याच्याकडे बघितलं नाही. मी माफ करणारा माणूस नाही. दोघं समोर बघत बसलो. बाहुल्या एकमेकांची डोकी फोडत होत्या. बऱ्याच वेळाने तो पुढे वाकला, टेम्पोच्या उघड्या दाराकडे बघितलं, आपल्या प्लास्टरकडे बघितलं, आणि मान हलवून म्हणाला, "काका, किल्ली आतच आहे. इंजिनसुद्धा चालू. लोक किती निष्काळजी असतात."

काय करणार... बरोबर बोलत होता. उठलो आणि त्या टेम्पोची राखण करत उभा राहिलो.