पिशवीतला कोरा मास्क

हसू नका बे, खरं सांगतो. मी खामगावले कॉलेजात सेफ्टीचा डिप्लोमा करून राह्यलो, म्हणून बाबाले फवारणीचा मास्क अन् हातमोजे नेऊन देल्ले होते. पुढच्या रविवारी वावरात गेलो, तं बाबा उघड्या तोंडानं, कोपरापर्यंत हात बुडवून ड्रममधलं फवारणीचं औषध ढवळून राह्यले!

मी वरडलोच, "बाबा, मास्क कुठी हाय?"

त्याईनं वल्ला हात पॅन्टीले पुसला अन् बाभळीकडं दाखवलं. फांदीले पिशवी टांगलेली होती. आत मास्क अन् हातमोजे, कोरेच.

"काऊन नाई घातले?"

बाबा उलटे माह्यावरच डाफरले, "अबे, एवढी चांगली वस्तू! औषध लागून खराब नाई होणार?"