निघणारं बॉनेट

बाबांनो, सासुरवाडीला आपली गाडी कधी नेऊ नका!

आमच्या वडलांच्या जुन्या स्पोर्ट्स कारचं बॉनेट गंजलं, म्हणून उन्हाळाभर खपून मी घरीच फायबरचं बनवलं. क्लिपा काढल्या की अख्खं हातात येतंय. मेव्हण्याच्या वरातीसाठी ती गाडी मुरगूडला नेली. जरा आत जाऊन बाहेर येतोय, तर बॉनेट गायब! इंजिन सगळं उघडं. शोधत आचाऱ्याकडं गेलो, तर बॉनेट उताणं पडलेलं आणि त्यात जिलेब्यांचा ढीग!

"हे कुणी काढलं?" मी ओरडलो.

सासरे निवांत म्हणाले, "मीच. परात कमी पडली. निघतंय की ते!"

माझं डोकंच फिरलं. नवरा तयार, बॅन्डवाले ताटकळलेले आणि मी पाकानं चिकट झालेलं बॉनेट धूत बसलेलो. तेवढ्यात सासरे परत आले.

"जावईबापू, रागावू नगासा. शिटा बी निघत्यात काय? खुर्च्या कमी पडाल्यात."