गेट आधी का कमोड आधी

तुमचं फरशी आधी का रंग आधी चाललंय, पण आमच्यात काय झालतं ऐका. सांबरा गावातल्या आमच्या घराचं काम काढलं. आई म्हणाली, "ह्यांचे गुडघे गेल्यात. पयला कमोड बसवूया."

आप्पा उखडले. "पयलं गेट! गेट सगळी गल्ली बघती. संडास बघाय कोण येतंय गं?"

आन् त्यांनी पयलं गेटच बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा संडासात बसले, ते उठायलाच येईना. कडी आतनं. त्यांच्या हाका ऐकून शेजारीपाजारी धावले, पहारीनं दार उचकटलं आन् दोघांनी बखोटीला धरून आप्पांना बाहेर काढलं. अंगणात बायकापोरांसकट ही गर्दी!

आई पदर सावरत म्हणाली, "अवो, सगळी गल्ली आलीया संडास बघाय. गेटाकडं कोण ढुंकून बघंना!"